दुकानाचे घड्याळ न फिरवता उद्याची तारीख पाहा

रोजमेळाच्या वहीत तारीख लिहिण्याचे काम पूर्वी दुकानदार स्वतः करीत असे. सकाळी दुकान उघडले, वही काढली, की पानाच्या माथ्यावर पहिल्यांदा तारीख पडायची. आता गल्ल्याशेजारी संगणक आला आणि तारीख तोच टाकू लागला. त्यामुळे आमच्या व्यापारी बांधवांची एक चिंता मिटली. पण तिच्या जागी दुसरी आली आहे, आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष नाही. संगणकाला जी तारीख वाटेल ती बिलावर छापली जाते, त्याच तारखेचा कर लागतो आणि त्याच तारखेने उधारीचे दिवस मोजले जातात. ही तारीख चुकली, तर तिच्यावर उभा असलेला सगळाच हिशेब चुकतो.

गेल्या काही दिवसांत दुकानदारांशी बोलताना एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारण्यात आला. पुढे येणाऱ्या तारखेला आपला प्रोग्राम नीट चालेल की नाही, हे आजच कसे पाहावे? त्याचे उत्तर देण्यापूर्वी रत्नागिरीतच आमच्या पाहण्यात आलेली एक हकीगत सांगतो. दुकानाचे नाव सांगण्याची गरज नाही.

अकरा शर्टांचा हिशेब

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू होणार असे जाहीर झाले. कपड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी हा बदल मोठा होता. त्याआधी एका नगाची करपात्र किंमत १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर असेल तर १२ टक्के कर होता. नव्या व्यवस्थेत २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला.

तयार कपड्यांच्या एका दुकानात मालकांनी भाच्याला सांगितले, "अरे, बावीस तारखेला दर बदलणार. मशीन बरोबर बिल काढील ना? बघून ठेव."

"आत्ताच बघतो, मामू," असे म्हणून भाच्याने संगणकाच्या कोपऱ्यातील घड्याळ उघडले आणि १५ सप्टेंबरचे २२ सप्टेंबर केले. एक बिल काढून पाहिले. १,५०० रुपयांच्या शर्टावर ५ टक्के कर लागला. मुलगा खूश झाला. तेवढ्यात गिऱ्हाईक आले, त्यामागून दुसरे आले, आणि घड्याळ मागे घ्यायचे राहून गेले.

दुकान बंद करताना चूक लक्षात आली. तोपर्यंत १,५०० रुपयांचे अकरा शर्ट नव्या दराने विकले गेले होते. त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक शर्टावर १८० रुपये कर घ्यायचा होता, घेतला गेला ७५ रुपये. शर्टामागे १०५ रुपये, म्हणजे एकूण १,१५५ रुपये कमी पडले. रक्कम लहान होती, मालकांनी ती पदरची घातली. खरी डोकेदुखी पुढे होती. बिल क्रमांक ४१२ वर २२ सप्टेंबर आणि क्रमांक ४१३ वर १६ सप्टेंबर अशी उलटी माळ वहीत तयार झाली. ती निस्तरण्यासाठी कर सल्लागाराकडे दोन फेऱ्या झाल्या.

मुलाचा हेतू वाईट नव्हता. उलट, येणाऱ्या दिवसाची आधी चाचणी घ्यावी ही मामूंची सूचना अगदी योग्य होती. चूक एवढीच झाली, की एका प्रोग्रामला दाखवायची तारीख त्याने साऱ्या संगणकाला दाखवली, आणि तीही खऱ्या हिशेबावर.

संगणकाला तारीख कोण सांगतो?

संगणकाच्या आत एक लहानसे घड्याळ असते. विजेचे बटण बंद असतानाही ते चालावे म्हणून नाण्याच्या आकाराची एक बॅटरी तेथे बसवलेली असते. संगणक सुरू झाला की त्याची मूळ यंत्रणा, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, या घड्याळातून वेळ उचलते आणि पुढे स्वतः मोजत राहते. इंटरनेट असेल तर ती दूरच्या घड्याळाशी आपली वेळ पडताळूनही घेते. जुन्या संगणकातील ही बॅटरी संपली, की वीज गेल्यावर तारीख एकदम कित्येक वर्षे मागे जाते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाण्याचे प्रमाण पाहता हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. अशा वेळी घाबरून नवा संगणक घेऊ नये, ती बॅटरी बदलावी.

आता बिलाच्या प्रोग्रामकडे वळू. त्याच्याजवळ स्वतःचे घड्याळ नसते. पेढीवर खाली मान घालून लिहीत बसलेल्या मुनीमजींची कल्पना करा. त्यांना भिंतीवरचे कॅलेंडर दिसत नाही. ते दारातल्या पोऱ्याला विचारतात, "आज तारीख काय रे?" पोऱ्या सांगेल ती तारीख ते लिहितात. प्रोग्राम म्हणजे हा मुनीम आणि विंडोज म्हणजे तो पोऱ्या होय.

भाच्याने भिंतीवरचे कॅलेंडरच बदलले. त्यामुळे दुकानात जो जो तारीख विचारील त्या प्रत्येकाला खोटे उत्तर मिळाले. त्याऐवजी पोऱ्याला असे सांगून ठेवता येते, की फक्त या एका मुनीमजींनी विचारले तर बावीस तारीख सांग, बाकी सर्वांना खरी सांग. एखादा प्रोग्राम बनावट तारखेवर चालवणे म्हणजे नेमके हेच.

घड्याळ फिरवल्याने काय बिघडते?

संगणकाची तारीख बदलली की बिलाखेरीज इतरही कामे विस्कटतात. बँकेच्या आणि सरकारी पोर्टलच्या सुरक्षिततेचे जे प्रमाणपत्र असते, त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली, तर पान उघडण्याऐवजी धोक्याची सूचना येते. हिशेबाची प्रत आपोआप काढून ठेवणारे प्रोग्राम वेळापत्रक चुकतात. मुदतीवर घेतलेल्या प्रोग्रामला आपली मुदत संपली असे वाटू शकते. त्या वेळेत साठवलेल्या फाइलींवर चुकीची तारीख पडते आणि पुढे नवी कोणती, जुनी कोणती, हे कळेनासे होते. म्हणून कामाच्या संगणकाचे घड्याळ चाचणीसाठी कधीही फिरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग चाचणी कशी घ्यावी?

पहिला मार्ग सर्वांत सोपा आहे आणि तो पुष्कळांच्या हाताशी आधीच असतो. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये व्यवहाराची तारीख संगणकाच्या घड्याळापासून वेगळी ठेवता येते. एफ-२ कळ दाबून ती बदलता येते. अशा प्रोग्रामसाठी दुसऱ्या कोणत्याही युक्तीची गरज नाही. मात्र ही तारीख खऱ्या पेढीच्या हिशेबात न बदलता त्याच्या प्रतीत बदलावी.

दुसरा मार्ग विंडोजवर चालणाऱ्या त्या प्रोग्रामसाठी आहे, जे तारीख घड्याळावरूनच उचलतात. निरसॉफ्टचे 'रन-ॲज-डेट' नावाचे एक लहान विनामूल्य साधन आहे. त्यात आपला प्रोग्राम निवडायचा, हवी ती तारीख आणि वेळ भरायची आणि तेथूनच प्रोग्राम सुरू करायचा. प्रोग्रामने विंडोजला वेळ विचारली, की हे साधन मध्येच तो प्रश्न अडवते आणि आपण भरलेली तारीख उत्तर म्हणून देते. संगणकाचे घड्याळ जागचे हलत नाही. ३२-बिट आणि ६४-बिट प्रोग्रामसाठी या साधनाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, त्यामुळे आपल्या प्रोग्रामला जुळणारी आवृत्ती घ्यावी लागते. लिनक्सवर हेच काम 'फेकटाइम' करते.

बनावट घड्याळ एका जागी थांबवून ठेवायचे की चालते ठेवायचे, हेही या साधनांत ठरवता येते. मध्यरात्र ओलांडताना काय होते हे पाहायचे असेल, तर रात्री ११ वाजून ५८ मिनिटे ही वेळ देऊन घड्याळ चालते ठेवावे आणि दोन मिनिटे थांबावे.

तिसरा मार्ग म्हणजे अडगळीत पडलेला जुना संगणक. त्यावर प्रोग्राम आणि हिशेबाची प्रत टाकावी, इंटरनेट जोडू नये, आणि मग त्याचे घड्याळ खुशाल फिरवावे. तेथे गिऱ्हाईक येणार नाही आणि बिलही निघणार नाही.

या सर्व मार्गांना मर्यादा आहेत. हिशेब दुसऱ्या संगणकावर किंवा इंटरनेटवरील कंपनीच्या यंत्रावर ठेवलेला असेल, तर तारीख तिकडून येते. तेथे आपल्या पोऱ्याला शिकवून उपयोग नाही. अशा वेळी प्रोग्राम विकणाऱ्याकडे चाचणीचे वेगळे खाते मागावे. काही प्रोग्राम अर्धी तारीख इकडून आणि अर्धी तिकडून घेतात. त्यांचा निकाल विश्वासाने धरू नये.

कोणत्या तारखा पाहाव्यात?

चाचणीपूर्वी एक नियम पाळावा. उत्तर काय यायला हवे, ते आधी कागदावर लिहावे आणि मग संगणकाला विचारावे. उलटे केले, तर संगणक जे दाखवील तेच बरोबर वाटू लागते.

*दर बदलण्याचा दिवस.* सप्टेंबर २०२५ चेच उदाहरण घेऊ. कागदावर असे मांडले असते: ९०० रुपयांचा नग, २१ तारखेला कर ४५ रुपये आणि २२ तारखेलाही ४५ रुपये. १,५०० रुपयांचा नग, आधी १८० आणि नंतर ७५. ३,००० रुपयांची शेरवानी, आधी ३६० आणि नंतर ५४०. यातील पहिल्या नगाचा कर बदलत नाही, दुसऱ्याचा उतरतो आणि तिसऱ्याचा चढतो. तिन्ही पाहिल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही. शिवाय नेमक्या सीमेवरचा, म्हणजे २,५०० रुपयांचा आणि २,५०१ रुपयांचा नगही पाहावा. पहिल्यावर ५ टक्के आणि दुसऱ्यावर १८ टक्के लागला पाहिजे. आणखी एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. २० तारखेला विकलेला शर्ट २५ तारखेला परत आला, तर क्रेडिट नोट जुन्या बिलाच्या दरानेच निघायला हवी. भाच्याने हे पाहिलेच नव्हते.

*३१ मार्चची रात्र.* जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो आणि तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. बहुतेक दुकानांत १ एप्रिलला नवी मालिका सुरू होते. ३१ मार्च, रात्री ११.५८ ही वेळ देऊन मध्यरात्रीच्या आधी एक आणि नंतर एक बिल काढावे. क्रमांक आपोआप बदलतो की हाताने बदलावा लागतो, हे दोन मिनिटांत कळते.

*चांदरात.* २०२५ साली आपल्याकडे ३० मार्चला चंद्रदर्शन झाले आणि ३१ मार्चला ईद झाली. चांदरातीला कपडे, चपला, अत्तर, बांगड्या यांची दुकाने मध्यरात्रीनंतरही गजबजलेली असतात. साडेबारा वाजता निघालेल्या बिलावर दुसऱ्या दिवसाची तारीख पडते. पण गल्ला मोजणारा माणूस तो सगळा एकाच रात्रीचा धंदा समजतो. त्यामुळे सकाळी रोख रक्कम आणि रोजमेळ जुळत नाही आणि विनाकारण नोकरावर संशय जातो. आपला प्रोग्राम दिवस केव्हा बंद करतो, हे रमजान सुरू होण्यापूर्वीच पाहून ठेवावे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. काही प्रोग्राम हिजरी तारीखही दाखवतात, पण ती गणिताने काढलेली असते. बनावट तारीख देऊन पाहिले तर गणित काय म्हणते एवढेच कळते. चंद्र केव्हा दिसणार हे त्यातून कळत नाही. म्हणून ईदच्या सवलतीची तारीख प्रोग्रामवर सोपवू नये.

*मासेमारी बंदीचा शेवट.* मिरकरवाडा आणि राजिवडा भागात जाळी, दोर, डिझेल, बर्फ, इंजिनाचे सुटे भाग यांचा धंदा करणाऱ्यांनी ही चाचणी अवश्य घ्यावी. २०२५ साली पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, अशी ६१ दिवस होती. प्रोग्राममध्ये उधारीची मुदत ६० दिवस ठेवली असेल, तर ३१ मेच्या बिलाची मुदत ३० जुलैला संपते. त्या वेळी होडी अजून किनाऱ्यावरच असते. हिशेबाच्या प्रतीला ३१ जुलै ही तारीख दाखवून थकबाकीची यादी काढा. वर्षानुवर्षे चोख व्यवहार करणारी कुटुंबे त्यात थकबाकीदार म्हणून दिसतील. तशी तगाद्याची चिठ्ठी खरोखरच आपोआप गेली, तर जुने गिऱ्हाईक कायमचे दुखावले जाते. ही मुदत ९० दिवस करणे हा एका मिनिटाचा बदल आहे, पण तो आधी सुचला पाहिजे.

*२९ फेब्रुवारी.* पुढील लीप वर्ष २०२८ आहे. शिलाईचे काम करणारे मास्टर, फर्निचरवाले, दुरुस्तीवाले हे माल देण्याची तारीख पावतीवर छापतात. २५ फेब्रुवारी २०२८ ला घेतलेले काम दहा दिवसांनी द्यायचे, तर पावतीवर ६ मार्च यायला हवे. ७ मार्च आले, तर प्रोग्राम २९ फेब्रुवारी विसरला असे समजावे. ही चूक क्षुल्लक वाटेल. पण २९ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूझीलंडमध्ये अनेक ठिकाणचे स्वयंसेवा पेट्रोलपंप याच कारणाने काही तास कार्ड घेईनात. पैसे घेणाऱ्या प्रोग्रामला तो दिवस ठाऊकच नव्हता.

*१९ जानेवारी २०३८.* अनेक यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख काढतात. जुन्या ३२-बिट पद्धतीत हा आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मर्यादा भरेल, आणि असे जुने प्रोग्राम उडी मारून १९०१ सालात जातील. तो दिवस लांब आहे असे समजू नये. २०२५ साली पंधरा वर्षांचा भाडेकरार प्रोग्राममध्ये भरला, तर त्याची शेवटची तारीख २०४० असते. म्हणजे अडचण आजच्या कामातच येऊ शकते.

आधी न पाहिल्याची किंमत

इसवी सन २००० च्या वेळी जगभर हेच झाले. अमेरिकेत मिशिगन राज्यातील वॉरेन गावी 'प्रोड्यूस पॅलेस' नावाचे भाजीपाला आणि किराणा मालाचे दुकान होते. ज्या कार्डांची मुदत २००० साली संपत होती, त्यांच्यावरील '००' हे वर्ष गल्ल्याच्या यंत्रांना समजेना आणि ती बंद पडू लागली. गिऱ्हाईक रांगा सोडून जाऊ लागले. दुकानदाराने १९९७ साली यंत्रे पुरवणाऱ्यांवर दावा लावला आणि १९९८ साली अडीच लाख डॉलरवर तडजोड झाली. लक्षात घ्यावे, की तेव्हा २००० साल उजाडलेलेही नव्हते. कार्डावरची पुढची तारीख आधीच दुकानात आली होती. यंत्रे बसवण्यापूर्वी '०० साल' लिहिलेले एक कार्ड त्यांच्यावर चालवून पाहिले असते, तर ही वेळ आली नसती.

चाचणी आणि लबाडी

हा लेख वाचून कोणाच्या मनात दुसराच विचार येऊ शकतो. तारीख अशी सहज बदलता येते, तर मागील महिन्याचे बिल आज का काढू नये? चाचणीसाठी मिळालेला प्रोग्राम मुदत संपल्यावरही का वापरू नये? याबाबत आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. पहिली गोष्ट खोटा दस्तऐवज करणे होय आणि दुसरी म्हणजे कराराचा भंग होय. खोटे किंवा चुकीचे बिल देणाऱ्यास जीएसटी कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे १०,००० रुपये किंवा बुडवलेल्या कराइतकी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो. कंपनी म्हणून नोंदलेल्या पेढ्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारा प्रोग्रामच वापरावा लागतो. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस यांवर सरकारी यंत्राचे घड्याळ शिक्का मारते. १ जानेवारी २०२५ पासून १८० दिवसांपेक्षा जुन्या बिलावर ई-वे बिल निघत नाही. आपल्या घरचे घड्याळ मागे घेऊन ते घड्याळ मागे जात नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी बिलावरची तारीख ही दुकानदाराची साक्ष असते. तो माल त्या दिवशी, त्या दराने दिला, असे तो लिहून देत असतो. बनावट तारीख आपल्या प्रोग्रामची परीक्षा घेण्यासाठी वापरावी. गिऱ्हाइकाच्या हातात जाणाऱ्या कागदावर ती कधीही जाऊ नये.

थोडक्यात कृती

खऱ्या हिशेबाची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि तिला 'चाचणी' असे नाव द्या. इंटरनेट आणि प्रिंटर काढून ठेवा, म्हणजे खोटे बिल चुकूनही बाहेर जाणार नाही. पाहायच्या तारखा आणि अपेक्षित उत्तरे कागदावर लिहा. प्रोग्रामला एकेक तारीख दाखवा आणि उत्तरे ताडून पाहा. फरक आढळला तर कागद घेऊन प्रोग्राम विकणाऱ्याकडे जा. कराच्या प्रश्नावर शेवटचा शब्द आपल्या कर सल्लागाराचा असू द्या. काम झाले की चाचणीची प्रत पुसून टाका आणि दुकान उघडण्यापूर्वी संगणकाच्या कोपऱ्यातील तारीख एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरशी जुळवून पाहा.

त्या दुकानातल्या भाच्याने आता गल्ल्याच्या पडद्याखाली एक चिठ्ठी चिकटवली आहे: "घड्याळाला हात लावू नये." चाचणीसाठी मामूंनी त्याला घरचा जुना संगणक देऊन टाकला आहे. अकरा शर्टांच्या मोबदल्यात मिळालेला हा धडा आमच्या मते स्वस्तच पडला. आमच्या वाचक बांधवांना तो फुकट मिळावा, म्हणून हा लेखनप्रपंच.